शनिवारची किल्ली

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. बायकोला माहीत नाही, मुलाला माहीत नाही. आई शेवटच्या दुखण्यात होती तेव्हा तिच्या उशाशी बसून सांगून टाकावं असं एकदा मनात आलं होतं. पण ती मला गुणाचा पोरगा समजून चालली होती, आणि मी तिला तसंच जाऊ दिलं. मग तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. की गप्प राहण्याचाच आता वीट आला — काय माहीत. कारण शोधत बसलो तर आजही सांगायचं राहून जाईल.

गोष्ट नव्वद सालानंतरची, मी पंचविशीत होतो तेव्हाची. मी पलूसचा. बी.ए., बी.एड. होऊन घरी बसलेलो. आमच्या आजोबांनी छप्पन साली बौद्ध धम्म घेतला, वडिलांनी दुसऱ्याच्या रानात ऊस तोडून मला शिकवलं, आणि मी पदवी घेऊन संस्थाचालकांच्या ओसऱ्या झिजवत होतो. तेवढ्यात पेपरात एक जाहिरात दिसली. पाचगणीजवळ एका निवासी शाळेत मराठी आणि गणिताला मास्तर हवा होता. खाली संस्थेचं नाव वाचून मला काही कळलं नाही. गावात विचारलं, कुणालाच कळलं नाही.

ती ज्यू मुलांची शाळा होती. बेने इस्राएल म्हणतात त्यांना — कोकणात पिढ्यान् पिढ्या राहिलेली माणसं, मराठीच बोलणारी. पेण, रोहा, मुरूड या बाजूची बरीच घरं इस्राएलला निघून गेली होती, जी उरली त्यांच्या पोरांना प्रार्थना, हिब्रू, सणवार कोण शिकवणार? म्हणून पुण्याच्या काही मंडळींनी हा बंगला भाड्यानं घेऊन शाळा काढली होती. रस्त्यापासून आत, सिल्व्हर ओकच्या झाडांत. पोरं तीसेक. शिक्षक आम्ही तिघं.

मुख्य होते एलियाझर बोर्लीकर. सगळे त्यांना नुसतं सर म्हणायचे. साठीला टेकलेले, उंच, पाठीत वाकलेले, डोक्यावर कायम काळी टोपी आणि डोळ्यांवर जाड भिंगं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत चालला होता. हिब्रूचं पुस्तक ते नाकाला लावून वाचायचे, पण बहुतेक सगळं त्यांना पाठच होतं. त्यांच्या पत्नी रिबकाबाई मुलांचं जेवणखाण बघायच्या आणि गाणी शिकवायच्या. तिसरा शिक्षक डॅनियल — रोह्याचा, माझ्याहून लहान, सरांचा जुना विद्यार्थी. स्वयंपाकाला जवळच्या वाडीतल्या हौसाबाई.

मुलाखतीला गेलो तेव्हा मी तयारीत होतो. आता आडनाव विचारतील, मग गाव, मग गावात घर कुठल्या बाजूला — हा प्रश्न कसा फिरत फिरत येतो ते मला चांगलं ठाऊक होतं. सरांनी विचारलं, "कांबळे मास्तर, शाकाहारी की मांसाहारी?" मी म्हटलं, मांसाहारी. "डुक्कर सोडून काहीही खा," ते म्हणाले, "आणि मटण खाल्लेल्या ताटात दूध ओतू नका. रिबका जीव घेईल." बाई आतून हसल्या. झाली मुलाखत. त्या दिवशी मी त्यांच्या पंगतीत बसून मटणाचा रस्सा खाल्ला, नारळाच्या दुधातला. बाईंनी स्वतः वाढला.

हे सांगितलंच पाहिजे. नाहीतर पुढचं तुम्हाला नीट कळणार नाही.

शुक्रवारी दिवस मावळायला लागला की त्यांचा शाब्बाथ सुरू व्हायचा. तिथपासून शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत विस्तव पेटवायचा नाही, दिव्याचं बटण दाबायचं नाही, फोन नाही, लिहिणं नाही. जेवण शुक्रवारीच शिजवून मंद शेगडीवर ठेवलेलं असायचं, म्हणून हौसाबाईंना शनिवारी सुट्टी. मी मात्र त्या दिवशी कामाचा माणूस. ऑफिसात बसायचं, कुणा आईबापाचा फोन आला तर घ्यायचा, लागलं तर दिवा लावायचा. सर दर शुक्रवारी बाईंनी मेणबत्त्या लावण्याआधी ऑफिसला कुलूप घालून किल्ली माझ्या हातात द्यायचे. "सांभाळा मास्तर," म्हणायचे. मी आंघोळीला किंवा फिरायला गेलो, तर किल्ली स्वयंपाकघराच्या दाराआड एका खिळ्याला अडकवून जायचो. तसं ठरलेलंच होतं.

फोन तेवढा एकच. आणि बाईंना दमा.

पावसाळ्यात त्यांचे हाल व्हायचे. मी तिथं गेलो त्या पहिल्याच पावसाळ्यात, असाच एक शनिवार होता — त्यांना धाप लागली, ओठ निळे पडले. मी ऑफिसात जाऊन पाचगणीच्या डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर स्कूटरवर भिजत आले, शिरेत इंजेक्शन दिलं, आणि थोड्या वेळानं बाई उठून बसल्या. वर मलाच म्हणाल्या, "मास्तर, घाबरलात की काय?" एवढंच लागायचं. एक फोन, एक इंजेक्शन. म्हणजे मला माहीत नव्हतं असं नाही.

आणखी एक गोष्ट मला माहीत होती. एकदा मी सरांच्या वर्गाच्या मागच्या बाकावर वह्या तपासत बसलो होतो. एका पोरीनं विचारलं, "सर, शाब्बाथला कुणाला विंचू चावला तर डॉक्टरांना फोन करायचा का?" सरांनी पुस्तक मिटलं. म्हणाले, "करायचा. धावत जाऊन करायचा. आधी जीव, मग शाब्बाथ. आणि मला विचारायला थांबायचं नाही — जो विचारत बसला, त्याच्या हातून जीव गेला असं समजायचं." मी वह्यांतून मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं होतं. एवढ्या कडक माणसाच्या तोंडून हे ऐकून बरं वाटलं होतं.

मग मी नंतर बोललो ते कसं बोललो? थांबा, तिथवर येतो.

दुसऱ्या वर्षी मी गुपचूप दुसरीकडे अर्ज केला होता. रहिमतपूरला एका हायस्कुलात जागा निघाली होती. अनुदानित, कायमची, पेन्शनची. सरांची शाळा कितीही मायेची असली तरी किती दिवस चालणार? मुलं कमी कमी होत होती. अर्ज केला ह्यात वाईट काही नव्हतं, सरांना सांगितलं असतं तर त्यांनीच इस्त्रीचा शर्ट काढून दिला असता. पण मी सांगितलं नाही. नोकरी लागलीच नाही तर? उगाच हसं होईल, आहे ती जागाही मनातून उतरेल. मुलाखत नेमकी शनिवारी सकाळी. मी हिशेब केला की पहाटेच्या गाडीनं खाली उतरायचं, साताऱ्याहून रहिमतपूर, आणि दुपारच्या जेवणापर्यंत परत. पोरं तोवर प्रार्थनेतच असतात. कुणाला कळतंय?

शुक्रवारी सरांनी किल्ली दिली. "सांभाळा मास्तर."

शनिवारी उजाडताना मी निघालो. धो धो पाऊस. धुक्यात झाडंही दिसत नव्हती. छत्री, प्रमाणपत्रांची पिशवी, नवी पँट. गाडी मिळाली, घाट उतरलो, वाई, सातारा — सगळं वेळेवर. रहिमतपूरला शाळेच्या व्हरांड्यात बाकावर बसलो, आणि चेहरा पुसायला रुमाल काढला. रुमालाबरोबर किल्ली बाहेर आली. घाईत खिळ्याला लावायची राहून ती नव्या पँटच्या खिशात आली होती.

मी ती हातात धरून बसलो होतो. तेव्हा माझ्या मनात काय आलं? खरं सांगतो — बाईंचा दमा आला. पाऊस पाहूनच आला. उठून तडक परत निघायला हवं होतं, निदान स्टँडवरून त्या डॉक्टरांना फोन करून 'जरा शाळेकडे चक्कर मारा' म्हणायला हवं होतं. डॉक्टरांचा नंबर मला तोंडपाठ होता. बूथ समोर दिसत होता. पण आतून शिपाई नावं पुकारत होता, अध्यक्ष अजून यायचे होते, आणि माझं नाव कधीही आलं असतं. मी मनाला म्हटलं, रोज थोडाच अटॅक येतो? किल्ली परत खिशात घातली. अध्यक्ष उशिरा आले. माझी पाळी आणखी उशिरा आली. आणि सांगायला लाज वाटते — मुलाखत फार छान झाली.

परतताना पसरणी घाटात झाड पडलं होतं. गाड्या खोळंबल्या. मी वाईला स्टँडवर अडकून पडलो. शेवटी एका टेम्पोवाल्याच्या शेजारी बसून वर आलो तेव्हा दुपार टळून गेली होती.

बंगल्याच्या व्हरांड्यात मुलं ओळीनं भिंतीला टेकून बसलेली. तीस पोरं, आणि आवाज नाही. तुम्ही शिक्षक असाल तर ती शांतता तुम्हाला कळेल. डॅनियल पायरीवर होता, नखशिखान्त भिजलेला, पायांत चपला नाहीत.

"बाई गेल्या," तो म्हणाला.

तोच सांगत सुटला. प्रार्थना चालू असताना बाईंना धाप लागली. सर उठून आधी माझ्या खोलीकडे धावले, मी नव्हतो. ऑफिसला कुलूप. सरांनी स्वयंपाकघरात जाऊन दाराआड चाचपलं आणि ओरडून डॅनियलला सांगितलं, किल्ली नाही, तू पळ. डॅनियल त्या पावसात पाचगणीपर्यंत पळत गेला, डॉक्टरांना टॅक्सीत घालून आणलं. तोवर सगळं झालं होतं. डॉक्टर म्हणाले, अहो, फोन का नाही केलात? पंधरा मिनिटांत आलो असतो.

मग डॅनियलनं माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही कुठं होता? किल्ली कुठंय?"

इथं थांबून मी पुष्कळदा विचार केलाय. तेव्हा मी नुसतं रडलो असतो तरी चाललं असतं. चुकलो म्हटलं असतं, तर चूकच राहिली असती ती — मोठी, जीवघेणी, पण चूक. माझ्या तोंडातून काय निघालं?

"किल्ली? किल्ली खिळ्यालाच आहे की. पोटात दुखत होतं म्हणून वाईला गेलो होतो. लावून गेलो मी."

"सर म्हणाले, नाही."

"असं कसं? चल."

मी पुढे झालो. स्वयंपाकघर अंधारं होतं. दाराआड हात घातला. दुसरा हात खिशात होता. आणि किल्ली काढून त्याच्यासमोर धरली. "ही काय."

इतकं सोपं होतं. शाळेत पोरं याहून अवघड हातचलाखी करतात.

डॅनियल त्या किल्लीकडे बघत राहिला. त्याचा चेहरा हळूहळू बदलत गेला. मग तो वळून बाईंच्या खोलीकडे धावला. मी जागचा हललो नाही. भिंतीपलीकडून त्याचा आवाज आला. जन्मात कधी सरांपुढे आवाज न चढवलेला पोरगा ओरडत होता, "तिथंच होती सर! तिथंच होती! तुम्ही नीट बघितलं नाही!" मग सर म्हणाले, "होती? मला दिसली नाही का रे?"

त्या आवाजात राग नव्हता. ते खरंच विचारत होते.

ऑफिस उघडायला गेलो तेव्हा मी आणखी एक पाहिलं. कुलपावर ठोकल्याच्या खुणा होत्या, कडी वाकली होती, आणि पायाशी वरवंटा पडला होता. डॅनियल धावत गेल्यावर सरांनी एकट्यानं कुलूप फोडायचा प्रयत्न केला होता. शाब्बाथच्या दिवशी, त्या डोळ्यांनी, वरवंट्यानं. जुन्या बंगल्याचं सागवानी दार, ते कसलं हलतंय? मी वरवंटा उचलून पाट्यावर नेऊन ठेवला. दोन दिवसांनी वाईहून नवं कुलूप आणलं, कडी ठोकून सरळ केली. जुनं कुलूप दरीत फेकून दिलं. कुणी विचारलं नाही. सरांनीही त्या वरवंट्याबद्दल कधी कुणाला सांगितलं नाही. सांगून काय उपयोग, असं त्यांना वाटलं असावं. किल्ली तर हाताशीच होती ना?

शनिवारी माती देत नाहीत त्यांच्यात. बाई रात्रभर तशाच होत्या, रविवारी त्यांना पुण्याला त्यांच्या दफनभूमीत नेलं. मी गेलो होतो. मूठभर माती मीही टाकली.

इथपर्यंत निदान मी भ्यालो होतो असं म्हणता येईल. भीती माणसाला काय वाटेल ते करायला लावते — पण पुढचं? पुढच्या वेळी मला कुणी पकडलं नव्हतं. कुणी बोट रोखलं नव्हतं.

आठ-दहा दिवसांनी पाचगणीच्या स्टँडवर मी चहा पीत उभा होतो. त्या दिवशी डॉक्टरांना घेऊन आलेला टॅक्सीवाला तिथं होता, आणखी चारदोन जण होते. तो म्हणाला, "काय मास्तर, खरं हाय का वो? त्या लोकांत शनवारी फोनला शिवत न्हाईत म्हनं. म्हून त्या म्हाताऱ्यानं बायकू तडफडत असून फोन केला न्हाई?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी त्या शाळेतला, आतला माणूस. माझ्या शब्दाला वजन होतं. मी काय म्हणायला हवं होतं ते तुम्हालाही माहीत आहे. आधी जीव, मग शाब्बाथ — मी कानांनी ऐकलं होतं. कुलपावरच्या खुणा मी डोळ्यांनी पाहिल्या होत्या.

मी कप खाली ठेवला आणि म्हटलं, "आता काय बोलायचं. ज्याचा त्याचा धर्म."

एवढंच. खोटं असं एक अक्षरही नाही त्यात, बघा. पण मी ते कसं म्हटलं — मान हलवून, उसासा टाकून, सुस्कारत! टॅक्सीवाला म्हणाला, "लय कडू लोक गड्या." आणि माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. खरंच उतरलं. कारण आता किल्लीचा प्रश्नच उरला नव्हता. सरांना ती दिसली की नाही, होती की नव्हती, कुणाला पर्वा होती? लोकांना त्याहून पटण्यासारखी गोष्ट मिळाली होती, आणि तिच्यावर शिक्का मी मारला होता.

टॅक्सीवाले वर महाबळेश्वरपासून खाली साताऱ्यापर्यंत जातात. गोष्टही गेली. प्रत्येक फेरीत वाढत गेली. सर म्हणे जपमाळ ओढत बसले होते. सरांनी म्हणे डॅनियलला अडवलं. हौसाबाईंनी काम सोडलं. बाईंवर त्यांचा फार जीव होता, दोघी एकमेकींना बहिणीसारख्या धरून होत्या. जाताना मला म्हणाल्या, "आवं मास्तर, तुमी कसं ऱ्हाताय हितं? असल्या मानसाच्या हातचं पानी बी नगं मला."

हातचं पाणी. हे शब्द मला नवे नव्हते. आमच्या आजीनं ते आयुष्यभर ऐकले होते. आमच्या घरात तिनं ते सांगितले की आजोबा उठून बाहेर जायचे. मी मान खाली घालून हौसाबाईंचं गाठोडं दारापर्यंत पोचवलं.

पुण्याहून विश्वस्त आले. ते सरांच्याच समाजाचे, त्यांना ती फोनची गोष्ट खोटी हे माहीत होतं. पण त्यांनी वेगळं विचारलं. सरांना दिसतं का? मुलांची जबाबदारी त्यांच्यावर ठेवावी का? त्यांनी मला एकट्याला बोलावलं. मी म्हटलं, सर देवमाणूस आहेत. मग थोडं थांबून म्हटलं, पण डोळ्यांचं... किल्ली समोर होती. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. सरांचं मुख्याध्यापकपद काढलं. तसे ते राहिले तिथंच, मुलांच्या प्रार्थनेपुरते.

आणि सर? ते भिंतीला हात लावत चालायला लागले. तोपर्यंत बंगल्यात ते न चाचपता फिरायचे. आता दाराशी आले की थांबायचे, हात पुढे करायचे. एकदा मी त्यांना स्वयंपाकघरात पाहिलं. दाराआड उभे होते, त्या मोकळ्या खिळ्यावरून बोटं फिरवत. माझी चाहूल लागल्यावर म्हणाले, "कोण?" मी मागच्या मागे निघून गेलो.

आता ते सांगतो, जे सांगायला मी इतका वेळ गोल गोल फिरतोय.

पाऊस ओसरल्यावर त्यांचा दारफाळणीचा सण येतो, वर्षातला सगळ्यांत मोठा उपास. बेने इस्राएल लोक त्याला असंच म्हणतात. दिवसभर दारं लावून प्रार्थना करतात, देवाकडे वर्षाच्या पापांची क्षमा मागतात. पण सर मुलांना नेहमी सांगायचे की माणसाचा अपराध केला असेल तर देव माफ करू शकत नाही. त्या माणसाकडेच जावं लागतं. म्हणून सणाच्या आधी ते एकेकाकडे जायचे. आदल्या वर्षी माझ्याकडेही आले होते, कधी आवाज चढवला असेल तर विसरा म्हणून. मला तेव्हा गंमत वाटली होती.

त्या वर्षी ते संध्याकाळी माझ्या खोलीच्या दाराशी आले. आत या म्हटलं तर आले नाहीत. चौकटीला धरून उभे राहिले. माझ्या तोंडाकडे बघत होते, पण थोडं बाजूला.

"मास्तर, मी तुमचा अपराधी आहे."

मी म्हटलं, "सर, असं काय बोलता?"

"ऐका. त्या दिवशी मी दाराआड हात घातला आणि किल्ली लागली नाही. तेव्हा मनात पहिला विचार काय आला ठाऊक आहे? कांबळे किल्ली घेऊन गेले. तुमच्यावर मी संशय घेतला. मी तुम्हाला शिव्या दिल्या मास्तर, मनातल्या मनात — घाण शिव्या दिल्या. रिबका तिकडे पडली होती आणि मी तुम्हाला शिव्या देत होतो." त्यांचा आवाज चिरकला. "आणि दोष माझ्या डोळ्यांचा होता. मला माफ करा."

माझ्या समोर, हातभर अंतरावर, तो माणूस उभा होता. तोंड उघडायचं होतं मी फक्त. 'सर, तुमचा हात बरोबर होता.' एवढंच वाक्य. ते म्हणून मी काय गमावलं असतं? नोकरी? रहिमतपूरची ऑर्डर त्याच आठवड्यात माझ्या पेटीत येऊन पडली होती. मला तर जायचंच होतं. भ्यायला काही उरलंच नव्हतं.

मी म्हटलं, "माफ केलं, सर."

त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. डोक्याला लावला. आणि भिंत चाचपत परत गेले.

मी गरीब होतो, आमच्यासारख्याला एकदा नाव लागलं की पुन्हा कुणी दारात उभं करत नाही — अशी पुष्कळ वाक्यं मी वर्षानुवर्षं स्वतःला ऐकवली आहेत. त्यातली काही खरीही आहेत. पण त्या दारात उभा असलेला माणूस मला त्याच्या ताटाशेजारी बसवणारा होता, आणि जगाला ज्याच्याबद्दल काहीही वाईट पटतं असा माणूस तो होता, मी नव्हे. हे मला त्या क्षणीही कळत होतं.

दिवाळीनंतर मी रहिमतपूरला रुजू झालो. शाळा पुढच्या मे महिन्यात बंद पडली. मुलं कोकणात आपापल्या घरी गेली, बंगल्याचं हॉटेल झालं. मी नोकरी केली, मुख्याध्यापक झालो. निरोप समारंभात कुणीतरी माझ्या सचोटीवर भाषण केलं आणि मी हार घालून घेतला.

निवृत्तीच्या आधी एकदा डॅनियल आला होता. तो इस्राएलला स्थायिक झालाय, केस पांढरे झालेत. मराठी तशीच, रोह्याची. मला शोधत साताऱ्यापर्यंत आला. स्टँडजवळ आम्ही चहाला बसलो. त्यानं सांगितलं की सरांना मागाहून त्यानंच तिकडे नेलं होतं. डोळ्यांचं ऑपरेशनही झालं, नीट दिसायला लागलं. पण दिसायला लागल्यावर ते आणखी गप्प झाले. एकटेच राहायचे. काही वर्षांपूर्वी गेले. "मी त्यांच्यावर ओरडलो होतो ना मास्तर त्या दिवशी," तो म्हणाला, "ते त्यांनी कधी काढलं नाही. मला मात्र झोप लागत नाही अजून. बाई आत पडलेल्या आणि मी सरांना म्हणालो, तुम्ही नीट बघितलं नाही." त्याचे डोळे भरून आले. "तुम्ही होता म्हणून तेव्हा मला धीर होता."

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. म्हटलं, "जाऊ दे डॅनियल. तू लहान होतास."

मग त्याची पुण्याची गाडी लागली. मी त्याची बॅग वर चढवून दिली, खिडकीशी उभा राहिलो. तो हात हलवत होता. गाडी निघाली तशी मीही हात हलवला, आणि ती वळणाआड जाईपर्यंत हलवत राहिलो.